बाजू ब

शनिवारी रात्री आठला शहापुरातले माग थांबतात,
मगच ईराण्णा कॅसेट लावतो.
खडखडाट कानातून उतरायला पाच मिनिटं जातात.
तेवढ्यात चहा.

सुताच्या गोदामात आम्ही चौघं, गाठोड्यांवर टेकून.
फिलोमिना टीचर खानापूरहून आली की पाच,
आणि मग तिच्या शेवटच्या बसची काळजी
तिच्यापेक्षा आम्हालाच जास्त.

शिराज मकानदारला नव्या रेकॉर्डिंगचा राग:
"धुऊन, इस्त्री करून देतात की हो गाणं,
एक शिंक नाही त्यात!"
आष्टेकर तर टॉकीजच्या खिडकीवर भांडून आलेला माणूस,
दुसरं कडवं कापलं, तिकिटाचे अर्धे पैसे परत द्या म्हणून.
दिले नाहीत. खरं मागितले त्यानं.

(आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या वहिनीला अजून हसू येतं.
येईन म्हटलं होतं, खरं जमलं नाही.
ऐकलंय, खरं आठवत नाही.)

सगळं बोलून झालं की शेवटी तीच कॅसेट.
अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा हॉल,
बाईंचा बागेश्री. बाजू ब.
अकराव्या मिनिटाला लाइट जाते.
माइक मरतो, पंखे मरतात,
ईराण्णाच्या मेव्हण्याचा टेपरेकॉर्डर तेवढा
सेलवर चालू.

अंधारात कुणीतरी ओरडतं, "दीपा तर्री!"
एक खुर्ची पडते.
मग अगदी जवळून, हळू, "थांबू नका, बाई."
आणि बाई थांबत नाहीत.
साडेतीन मिनिटं नुसता गळा,
तंबोऱ्याची तार एवढी मोठी, जणू
कुणी आपल्याच बरगडीवर बोट ठेवलंय.

आष्टेकरचा हिशेब सोपा:
दिवा मागणारा कानडी, थांबू नका म्हणणारा आपला.
ईराण्णा रिवाइंड करतो. पुन्हा करतो.
"एकच माणूस आहे रे तो. श्वास ऐक.
दिवा मागितला आईच्या भाषेत,
बाईंना विनवलं बाईंच्या."
यावर तीस वर्षं भांडण चाललंय,
आणि फिलोमिनाची बस दोनदा चुकलीय.

हॉलमध्ये खुर्च्या तीनशे होत्या.
'मी होतो' म्हणणारे आता दीडेक हजार भरतील.
त्यांतला एक मी.
तिसरी रांग, खांबाच्या डावीकडे,
एवढं सांगतो मी, आणि बाईंच्या शालीचा रंगही.
शालीचा रंग मला शिराजनं सांगितलेला,
तो विसरला, मी नाही.

मी त्या रात्री समोरच्या टॉकीजमध्ये होतो.
मारामारीचा सिनेमा, बाल्कनी, सोबत कुणी नाही.
लाइट तिथेही गेली, तीच.
शिट्ट्या झाल्या, शिव्या झाल्या,
मी बाहेर येऊन गाड्यावर चहा घेतला.
पलीकडे काळोखात कुणीतरी गात होतं,
उंचावरच्या झरोक्यातून, बिनमाइकचं.
म्हटलं, असेल कुणाचं तरी लग्न.
कप अर्धा झाला तोवर उभा राहिलो.
मग लाइट आली,
आणि खलनायकाचं काय झालं ते बघायला
मी आत पळालो.

काय झालं त्याचं, तेही आठवत नाही.

आज पुन्हा अकरावं मिनिट.
मी कान लावून बसतो, खुर्चीच्या, श्वासाच्या, तारेच्या मागे,
लांब रस्त्यावर कुठे
कपबशीचा आवाज येतो का.

"काय रे," ईराण्णा विचारतो, "तू होतास की तिथं?
सांग, एक माणूस का दोन?"

होतो, म्हणतो मी.
होतो, खरं